रिझर्व्ह बँकेचा मनुष्यबळ प्रमुख आणि खानापूरचा ठेवीदार

रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर बदलणार म्हटलं की बेळगावातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा दोन मतं पडतात. व्याजदर चढणार की उतरणार, घरकर्जाचा हप्ता किती बसणार, इथपर्यंत लोक हिशेब मांडतात. त्याच बँकेच्या मनुष्यबळ विभागाचा प्रमुख बदलला तर मात्र ते कुणाच्या गावीही नसतं. पेपरात चार ओळी आल्या तर आल्या. मला वाटतं, सीमाभागातल्या माणसानं या दुसऱ्या नेमणुकीकडे जास्त बारकाईनं बघायला हवं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, सहा जणांची समिती ठरवते आणि तो निपाणीला जेवढा लागू, तेवढाच नाशिकला. पण आपल्या गावच्या सहकारी बँकेचं दप्तर तपासायला कोण येणार, आपण लिहिलेली तक्रार कोण वाचणार, छापील फॉर्म कुठल्या भाषेत असावा याचा नियम कोण लिहिणार? ही माणसं हा विभाग निवडतो, शिकवतो आणि ठिकठिकाणी पाठवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रिझर्व्ह बँकेनं मनुष्यबळाचा नवा प्रमुख नेमताना त्याच्यावर एक काम लेखी सोपवावं: बँकेच्या कुठल्या माणसाला कुठली भाषा वाचता येते याची नोंद ठेवायची, आणि ज्या तालुक्यातले ठेवीदार ज्या भाषेत व्यवहार करतात तिथं ती भाषा वाचणारा माणूस जाईल असं बघायचं. राज्याची भाषा पुरेशी नाही, तालुक्याची भाषा बघायची. ठेवी सुरक्षित राहायच्या असतील तर हे करावंच लागेल, असं मी मानतो.

तपासणीपासून सुरुवात करू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी माणसांनी उभ्या केलेल्या सहकारी बँका पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. 1 मार्च 1966 पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली. 2020 च्या दुरुस्तीनं ती आणखी घट्ट झाली. आता अशा एखाद्या बँकेतली कर्जाची एक फाईल उघडून बघा. वरचा अर्ज मराठीत, शेतकऱ्यानं किंवा त्याच्या मुलानं निळ्या शाईनं लिहिलेला. त्याखाली जमिनीचा उतारा, ज्याला इथं सगळे आरटीसी म्हणतात, तो कन्नडमध्ये. जामीनदाराचं संमतीपत्र पुन्हा मराठीत. मंजुरीचं पत्र इंग्रजीत. आणि संचालक मंडळाच्या ज्या सभेत हे कर्ज मंजूर झालं तिचं इतिवृत्त अनेक जुन्या संस्थांत मराठीतच लिहिलेलं असतं. तपासणीला येणारा अधिकारी बेंगळुरूच्या कार्यालयातून येतो. तो आंध्रचा असेल, बंगालचा असेल, राजस्थानचा असेल, हुशार असेलच, कारण ती परीक्षा सोपी नाही. पण इतिवृत्ताची वही समोर आल्यावर तो काय करणार? शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरला विचारणार, "यात काय लिहिलंय?" आणि मॅनेजर सांगेल तेच तो टिपून घेणार.

म्हणजे ज्याची तपासणी व्हायची, तोच तपासणाऱ्याचा दुभाषी. यातला धोका समजायला बँकिंगची पदवी लागत नाही. एखाद्या संचालकाच्या मेव्हण्याला दिलेलं कर्ज, सभेत कुणीतरी नोंदवलेला विरोध, 'पुढील सभेत विचार करण्याचे ठरले' असं म्हणून तीन वर्षं पुढे ढकललेली वसुली, हे सगळं त्या वहीत असतं. आकड्यांच्या तक्त्यात ते दिसत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा खोट्या खात्यांच्या आड बुडीत कर्ज लपवल्याचं उघड झालं. तिथं प्रश्न भाषेचा नव्हता. पण बँकेनं पुढे केलेल्या कागदांवर विसंबून राहिलं की काय होतं, हे साऱ्या देशानं तेव्हा पाहिलं. मग जिथं कागद वाचताच येत नाही तिथं किती जास्त काळजी घ्यायला हवी!

दुसरी गोष्ट ठेवीदाराच्या बाजूची, आणि मला ती अधिक लागते.

बेळगावात बचत म्हटलं की पिग्मी. खडे बाजारातला कापडवाला असो की गणपत गल्लीत भाजी विकणारी बाई, संध्याकाळी पिग्मीवाला छोटं मशीन घेऊन येतो, वीस-पन्नास रुपये घेतो, चिठ्ठी फाडून हातात देतो. ही पद्धत 1928 मध्ये उडुपीकडच्या माणसांनी सुरू केली. रोज दोन आणे दारात येऊन घ्यायचे. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेचं ते काम. देशातली पहिली सहकारी पतसंस्था 1905 मध्ये कणगिनहाळला निघाली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, म्हणजे इथून फार लांब नाही. कन्नड मुलखात रुजलेली ही सवय आमच्या मराठी दुकानदारांनी आपली म्हणून घेतली, कारण पैसे घ्यायला येणारा माणूस त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होता. 1930 ची बेळगाव बँक, मिरज स्टेट बँक, 1916 ची सांगली बँक, या सगळ्या अशाच जवळच्या बँका. पहिल्या दोन युनियन बँकेत गेल्या, सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. सिंडिकेट 2020 मध्ये कॅनरात विलीन झाली. धारवाडचं मुख्यालय असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून बळ्ळारीहून चालणाऱ्या कर्नाटक ग्रामीण बँकेचा भाग झाली. प्रत्येक विलीनीकरणामागे कारणं होती आणि त्यातली काही पटण्यासारखीही आहेत. पण दर वेळी मुख्यालय आणखी लांब गेलं आणि काउंटरवरचा माणूस आणखी परका झाला, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी एका आजींबरोबर गेलो होतो. मुदत ठेव मोडून नव्यानं ठेवायची होती. फॉर्म एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि हिंदी. आजींचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलं, पेपर रोज वाचतात, मृत्यूच्या बातम्या तर आधी वाचतात. काउंटरवरचा मुलगा परप्रांतातला, नुकता लागलेला, स्वभावानं चांगला. त्यानं पेन्सिलीनं चार ठिकाणी फुल्या मारल्या आणि बोट ठेवून दाखवलं. आजींनी चारही ठिकाणी सही केली. वारसाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, मुदत संपल्यावर ठेव आपोआप पुढे चालू राहणार की नाही, यातलं काही त्यांना कळलं नाही आणि त्याला सांगता आलं नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा आमची सोसायटी बरी की ओ. तिथं नीट बोलतात तरी."

त्या सोसायटीत व्याजही टक्का-दीड टक्का जास्त मिळतं. पण ती बँक नाही. सहकारी पतसंस्था असो वा सौहार्द (कर्नाटकाच्या वेगळ्या कायद्याखाली नोंदलेली सहकारी संस्था), तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि तिच्यातल्या ठेवीला विम्याचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला शून्य. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता की सहकारी सोसायट्यांनी नावात 'बँक' लावू नये आणि लोकांनी अशा संस्थांपासून सावध राहावं. इशारा अगदी योग्य होता. पण खानापुरात किंवा उचगावात कुठल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो मराठीत लागलेला माझ्या पाहण्यात आला नाही. एखाद्या संस्थेचं शटर पडतं, लोक पासबुकं घेऊन उन्हात उभे राहतात, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा जातो, आणि तिथं पहिल्यांदा त्यांना कळतं की आपली संस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत कधीच नव्हती.

इथल्या सगळ्याच पतसंस्थांना मी एका माळेत ओवत नाही. नेकीनं चालवलेल्या कितीतरी आहेत, त्यांच्यावर मुलींची लग्नं आणि मुलांची शिक्षणं झालीत. पण सुरक्षित ठेव जिथं आहे तिथं आपली भाषा नाही आणि आपली भाषा जिथं आहे तिथं सुरक्षा नाही, अशी निवड म्हाताऱ्या माणसावर लादणं हा अन्याय आहे, आणि तो मला सहन होत नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारी बँकेच्या शाखेतला कारकून रिझर्व्ह बँक नेमत नाही, मग त्यांच्या मनुष्यबळ प्रमुखाशी याचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे कर्मचारी सुमारे तेरा हजार. साऱ्या देशातल्या बँकांच्या मानानं ही संख्या काहीच नाही. पण बाकीच्या बँकांनी कसं वागायचं, हे याच तेरा हजारांतली माणसं लिहितात. खातं उघडण्याचे फॉर्म, पैसे भरण्याच्या चिठ्ठ्या, पासबुकं इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावीत, चेकवर ग्राहकाला प्रादेशिक भाषेत लिहिता यावं, हे रिझर्व्ह बँकेनंच सांगितलेलं आहे. चांगली सूचना आहे. मात्र बेळगावात प्रादेशिक भाषा म्हणजे राज्याची भाषा, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. नियमाचा मसुदा करणाऱ्या टेबलावर सीमेवरच्या तालुक्यात कधी काम केलेला एक जरी माणूस असता, तर त्यानं विचारलं असतं: जिथं तालुक्यातले बहुसंख्य लोक दुसरी भाषा बोलतात तिथं काय करायचं?

याचं उत्तर देशानं कधीच दिलेलं आहे. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली, त्याच वर्षी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्रानं एक निवेदन काढलं. ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचं प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक आहे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असं त्यात आहे. घटनेच्या कलम 350 ब नुसार अल्पसंख्य भाषकांसाठी वेगळा अधिकारी आहे, आणि त्या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय बेळगावातच होतं. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर आहे, खानापूर तालुक्यात तर मराठीच बहुसंख्य. राज्य सरकार हा निकष पाळत नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षं भांडतो आहोत. पण रिझर्व्ह बँक राज्य सरकारच्या अखत्यारीत येत नाही. तिला हा निकष स्वतःहून घ्यायला कुणाची आडकाठी आहे?

आणि हे मागणं एकट्या मराठीचं नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत गावंच्या गावं कन्नड बोलतात. तिथल्या कन्नड शेतकऱ्यापुढे बँक मराठी फॉर्म ठेवते तेव्हा तोही आमच्या आजींसारखाच फुलीवर सही करतो. तालुक्याची भाषा बघा म्हटलं की त्याचीही सोय होते. आपल्यातल्या काहींना हे ऐकायला आवडणार नाही, तरी मी म्हणणार, कारण सीमेच्या एकाच बाजूला चालणारा न्याय आम्हाला नको आहे.

या बाबतीत 2025 हे वर्ष आठवून बघा. फेब्रुवारीत बेळगावजवळ भाषेवरून बसच्या कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांतल्या बसगाड्या थांबल्या. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात बँकांच्या शाखांत मराठीसाठी आंदोलनं झाली. मे महिन्यात बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात एका सरकारी बँकेच्या व्यवस्थापकानं कन्नड बोलायला नकार दिल्याचा व्हिडिओ फिरला, मुख्यमंत्र्यांनी दखल घेतली, बदली झाली. बँकांच्या या दोन्ही प्रकरणांत राग कुणावर निघाला? काउंटरवर बसलेल्या माणसावर. त्याला भाषा न शिकवता तिथं पाठवणारा, त्याच्या प्रशिक्षणात चार आठवड्यांचाही भाषावर्ग न ठेवणारा अधिकारी कुठल्याच व्हिडिओत दिसला नाही. कर्मचाऱ्याला लोकांच्या रागापुढे उभं करून मग त्याची बदली करणं हे मनुष्यबळ व्यवस्थापनाचं अपयश आहे, आणि ते त्याच नावानं नोंदवलं गेलं पाहिजे.

आता भरतीकडे येऊ. आमच्याकडची मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, कन्नड विषय म्हणून घेतातच, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीत जातात, हिंदी त्यांना येते. एकविसाव्या वर्षी चार भाषांत लिहू-वाचू शकणारा पदवीधर टिळकवाडीत किंवा येळ्ळूरला घरोघरी सापडेल. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी पदाची परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत होते. सहायक पदासाठी एका कार्यालयाकडेच अर्ज करता येतो, आणि शेवटी त्या राज्याच्या भाषेची चाचणी असते. मुलानं बेंगळुरू निवडलं तर कन्नडची, मुंबई निवडली तर मराठीची. दोन्ही येणाऱ्याला दोन्ही येतात याचा एक गुणही मिळत नाही. ज्या माणसाला ती तीन भाषांची फाईल कुणाच्याही मदतीशिवाय वाचता येते, त्याचं ते येणं निवडीच्या कुठल्याच टप्प्यावर मोजलं जात नाही. ग्रामीण बँकांच्या परीक्षा तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याची घोषणा 2019 मध्ये झाली, सरकारी बँकांच्या कारकुनी भरतीसाठी तसाच निर्णय 2021 मध्ये झाला. म्हणजे जमतं. अधिकाऱ्याला उत्तम इंग्रजी यायलाच हवं, इंग्रजीचा पेपर ठेवा. पण बाकीचे विषय मराठीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये लिहायला मिळाले तर बँकेचं नुकसान काय?

राहता राहिला प्रश्न, हा प्रमुख कुठून आणायचा. अलीकडे बाहेरच्या माणसाची हवा आहे. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये आपली पहिली मुख्य वित्तीय अधिकारी बाहेरून आणली आणि हिशेबाच्या कामासाठी ते समजण्यासारखं होतं. मनुष्यबळासाठी मात्र मी आतल्या माणसाच्या बाजूचा आहे, एका अटीवर: त्यानं किंवा तिनं काही वर्षं तपासणीच्या दौऱ्यावर, तक्रार निवारणात किंवा जिल्ह्याच्या अग्रणी अधिकाऱ्याच्या खुर्चीत काढलेली असावीत. मोठ्या खासगी कंपनीतून आलेला प्रमुख गुणवत्तेची नवी मोजपट्टी आणेल, मूल्यांकनाचं नवं सॉफ्टवेअर आणेल. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची फाईल वाचायला कुणाला पाठवायचं, हे मात्र त्या दौऱ्यावर गेलेल्यालाच सुचेल. मुंबईच्या मुख्यालयातच सगळी नोकरी काढलेला आतला माणूसही मग नको. चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्याच देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. अर्थकारणातला मोठा माणूस भाषिक प्रश्नाला क्षुल्लक मानत नाही, याचा दाखला बँकेच्या स्वतःच्या इतिहासात आहे.

बँकेला हे तत्त्व नवीन नाही, याचा एक ठोस पुरावा देतो. नोव्हेंबर 2021 मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आली. त्यात चंदीगडला एक केंद्र उभं केलं, जिथं टपालानं किंवा ईमेलनं आलेली तक्रार कुठल्याही भाषेत स्वीकारली जाते. खानापूरच्या माणसानं मराठीत पत्र लिहून चंदीगडला टाकलं तर ते घ्यावंच लागतं. मला या निर्णयाचं मनापासून कौतुक आहे. नुकसान झाल्यावर ठेवीदाराच्या भाषेत तक्रार वाचता येत असेल, तर नुकसान होण्याआधी त्याच्या बँकेचं इतिवृत्त त्याच भाषेत वाचायला काय हरकत आहे?

खर्चही फार नाही. सेवापुस्तकात वाचता येणाऱ्या आणि बोलता येणाऱ्या भाषांचे दोन रकाने. बदल्यांची यादी करताना ते रकाने समोर ठेवायचे. पुण्यात बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे, तिथं सीमाभागात जाणाऱ्यांसाठी मराठी-कन्नड वाचनाचा छोटा वर्ग घ्यायचा. तपासणी पथकात किमान एक जण त्या संस्थेच्या दप्तराची भाषा वाचणारा हवाच, असा अंतर्गत आदेश काढायचा. जी भाषा शिकेल त्याला भत्ता द्यायचा. यातल्या कशालाही संसदेत जावं लागत नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्या निकालाचीही वाट बघावी लागत नाही, कारण निकाल कुठल्याही बाजूनं लागला तरी तालुक्यातली माणसं तीच राहणार आणि त्यांची भाषाही तीच राहणार.

आपल्याकडूनही एक काम व्हायला हवं. इथल्या मराठी सहकारी बँकांच्या संचालकांनी आपलं इतिवृत्त, कर्जअर्ज आणि नोटिसा कुठल्या भाषेत आहेत, शाखेगणिक किती ठेवीदार मराठीत सही करतात, याची माहिती गोळा करून बेंगळुरूच्या कार्यालयाला आणि मुंबईच्या मनुष्यबळ विभागाला सभेच्या ठरावासह पाठवावी. तपासणाऱ्याला आपलं दप्तर नीट वाचता यावं अशी मागणी बँकेनं स्वतःहून केली, तर ती नाकारणं कुणालाही अवघड जाईल. वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला सभासदांनी आताच अर्ज द्यावेत.